मेंढरांनी तुडवलेला बांध

बिरोबाची वस्ती, निमगाव केतकी
१४ नोव्हेंबर १९९४

चि. दादासो यास,

धाकट्या भावाला पत्र लिहिताना सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. मनापासून आहे असं समजू नकोस.

तुझा लेख वाचला. कसा वाचला ते ऐक. आठवड्याच्या बाजारात दगडाबाईकडून सुकट घेतली. घरी येऊन पुडी सोडली तर कागदावर तुझा फोटो. चष्मा लावलेला, खाली 'प्राध्यापक, अर्थशास्त्र' असं छापलेलं, आणि कपाळावर सुकटीचा ओला डाग. कागद झटकून उन्हात धरला आणि वाचला. लेखाचं नाव 'पैशाचा पाझर'. मग उरलेला अर्धा लेख कुठं गेला म्हणून परत बाजारात गेले, तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी बोंबलांबरोबर गेला होता. शेवटी न्हाव्याच्या दुकानात अख्खा अंक मिळाला.

सरकारनं कर्ज काढून खर्च करू नये, देशावर सोनं गहाण टाकायची पाळी आली, आता सरकारनं हात आवरावा, हे सगळं तू लिहिलंस. लिही. त्याचाच तुला पगार आहे. पण उदाहरण द्यायला तुला अख्ख्या देशात आमचाच तलाव सापडला? 'इंदापूर तालुक्यातील एका वस्तीवरचा पाझर तलाव.' एका वस्तीवरचा! त्या वस्तीला नाव आहे. तू तिथं जन्मलास. नाव घालायला लाज वाटली का?

'दोन पावसाळे झाले, दिवाळीपर्यंतही पाणी टिकत नाही. हा तलाव नसून सरकारी तिजोरीला पडलेले भोक आहे. चार दिवस मजुरी मिळाली म्हणून गावकरीही मूग गिळून बसले आहेत.' हे तुझे शब्द, मी पाठ केलेत.

आता तुझ्या या शब्दांनी काय झालं ते सांगते. बांध पाझरतो हे खरं आहे. तलाव खालून जमिनीत पाझरावा म्हणून केला आणि बांध पोटातूनच पाझरतो, पाणी ओढ्यानं वाहून जातं. म्हणून तर आम्ही वर्षभर खेटे घालून दुरुस्ती मंजूर करून आणली होती. ओव्हरसियर रामहरी साहेब दसऱ्याला येऊन सांगून गेले की दिवाळीनंतर काम उघडतो. दिवाळी झाली, तुझा लेख आला, आणि फाइल थांबली. 'पेपरात आलंय, आधी चौकशी होऊ द्या' असं वरून आलं. मंजूर पैसा मार्चअखेरपर्यंत वापरला नाही तर परत जातो. परत गेला की पुन्हा येत नाही. आणि येत्या पावसाळ्यात बांध गेला की खालच्या सगळ्या विहिरी गेल्या. आबांनी मेंढरं विकून जी शेती धरली, ती त्याच विहिरींवर आहे.

आणि मूग कुणी गिळले रे? तुला माहीत तरी आहे का तो बांध कसा झाला? मार्चअखेर तोंडावर आली होती, माती दाबायला रोलर यायचा होता तो आलाच नाही. रामहरी साहेब आपल्या अंगणात येऊन आबांपुढे हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "गेणूबाबा, तुमचा कळप तेवढा बांधावरनं फिरवा, न्हायतर काम अर्धं राहतंय." आबांनी एका शब्दानं विचारलं नाही की मला काय मिळेल. सकाळी चरायला जाताना आणि संध्याकाळी येताना सगळी मेंढरं बांधावरून नेली, पंधरवडाभर. मेंढरांच्या वाटेवर कुसळ उगवत नाही इतकी ती जमीन घट्ट होते, हे तुलाही माहीत आहे, तू त्याच वाटेनं शाळेत गेलास. तुझ्या बापाच्या मेंढरांनी तुडवलेला बांध आहे तो. सरकारी भोक म्हणे.

एक काम कर. त्याच साप्ताहिकात, त्याच पानावर लिही की दुरुस्ती थांबवू नये. फोटो नाही घातला तरी चालेल.

आक्का
(नकोशी)


बिरोबाची वस्ती
५ डिसेंबर १९९४

दादासो,

तुझं कार्ड मिळालं. कार्डच पाठवलंस ते बरं केलंस, पोस्टमननं आणि अर्ध्या वस्तीनं वाचून मगच माझ्या हातात दिलं.

'आक्का, भावनेवर अर्थव्यवस्था चालत नाही. खर्च आणि गुंतवणूक यांत फरक असतो.' बरं. मी अंगणवाडीची बाई, सातवी शिकलेली, मला मानधन मिळतं तेही सरकारी खर्चातच मोडत असेल. पण तुझा पगार कुठून येतो ते सांग. कॉलेज अनुदानित आहे ना? म्हणजे सरकारनं हात आवरावा, फक्त तुझ्या ताटातून आवरू नये. ज्या कालव्याच्या काठी, कन्हेरीच्या वाटेवर तू घर बांधलंस, तो कालवा काय बाजारातल्या व्यापाऱ्यांनी खणला? त्या पाण्यावर तुमच्याकडं ऊस उभा राहिला, उसावर कारखाना, कारखान्यावर बारामती, आणि बारामतीवर तुझं अर्थशास्त्र. तो कालवा खणणारा इंग्रज तरी परका होता. तू आमचाच.

तलावाचं काम चालू होतं तेव्हा तू एकदा तरी निमगावच्या बाजारात आला असतास तर दिसलं असतं. आठवड्याला मजुरी हातात पडायची. तोवर दगडाबाईची सुकट लोक हुंगून पुढं जायचे, त्या वर्षी घ्यायला लागले. दगडाबाईनं शिंप्याकडून लुगडी नेली, शिंप्यानं दुकानाला पत्रा घातला. आणि त्याच वर्षी दगडाबाईनं पोरीला शिकायला बारामतीला ठेवलं. सुप्रिया तिचं नाव. तुझ्याच कॉलेजात आहे, तुझ्याच वर्गात, मागच्या बाकावर बसते. तू फळ्यावर लिहितोस की रोजगार हमीचा पैसा मातीत जातो, आणि ती वहीत उतरवून घेते. परवा तिनं आईला वाचून दाखवलं. दगडाबाई मला विचारते, "आगं नकोशे, मातीत गेला मंग ही पोरगी कशी शिकतीया?" मी म्हटलं, माझ्या भावाला विचार, त्याला सगळं येतं.

तू म्हणशील, कालवा नीट बांधला होता, हा तलाव नीट नाही. म्हणशीलच. म्हणून तर दुरुस्ती हवी. गळक्या घागरीला लाख लावायची का घागर फोडायची, एवढंच तर विचारते आहे.

आबांना तुझा लेख मी दाखवलेला नाही. ते रोज दुपारी भाकरी खाऊन बांधावर जाऊन बसतात. मेंढरं होती तेव्हा त्यांच्यामागं बसायचे, आता बांध आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "ह्यो माझ्या मेंढरांचा हाय." विकलेल्या मेंढरांचं एवढंच काय ते उरलं आहे त्यांच्याजवळ. तेवढं तरी राहू दे.

माझ्या पहिल्या पत्राचं उत्तर तू दिलंच नाहीस. दुरुस्ती थांबवू नये असं लिहिणार आहेस की नाही? फिरवून बोलू नकोस, तो धंदा पुढाऱ्यांचा.

आक्का


बिरोबाची वस्ती
२६ डिसेंबर १९९४

प्राध्यापक साहेबांस,

'मेंढरांनी बांधलेला तलाव.' वा. काय मथळा आहे. लोक हसले असतील.

माझं पत्र तू छापलंस. माझं नाव नाही, 'एका गावकऱ्याने कळविल्याप्रमाणे' म्हणे. मी रागाच्या भरात सख्ख्या भावाला लिहिलं, आणि तू ते उचलून चार लोकांना हसायला दिलंस. 'रोलरचे बिल निघाले, रोलर आला नाही, आणि एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सरकारी बांध मेंढरांच्या खुरांखाली दाबला गेला.' रोलरचं बिल निघाल्याचं तुला कुणी सांगितलं ते मला माहीत नाही. निघालं असेल. रामहरी साहेबांनी खाल्लं असेल, नाहीतर त्यांच्या वरच्यानं. मी कुणाची शपथ घेत नाही. पण मेंढरं कुणाची होती ते तुला माहीत होतं ना? तिथं तरी पेन थांबायचं होतं.

माझं नाव नकोशी का ठेवलं ते तुला ठाऊक आहे. तीन पोरींवर चौथी झाले, नकोशी नाव ठेवलं की पाठीवर पोरगा होतो म्हणून. नाव फळलं आणि तू झालास. या नावाचा फायदा जन्मभर तू घेतलास, आणि आता पत्राचाही घेतलास.

आणखी एक ऐक, आणि हे छापू नकोस.

महिपतीनं तो अंक आबांना नेऊन दाखवला. महिपती वस्तीचा कारभारी, त्याला वाटलं मोठी बातमी आहे. वाचता त्यालाही नीट येत नाही. मथळा वाचला आणि खाली तुझं नाव वाचलं, बस. आबा अंक घेऊन माझ्याकडं आले. तोंड असं फुललेलं मी त्यांचं तुझ्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. म्हणाले, "बघ, पोरानं माझ्या मेंढरांचं नाव छापलं. समद्या बारामतीनं वाचलं आसंल." मी काय सांगायचं होतं, दादासो? तूच सांग. मी म्हटलं, "व्हय आबा, लई चांगलं लिवलंय." त्यांनी ते पान कापून घेतलं, घडी घातली आणि पटक्यात ठेवलं. आता बांधावर येणाऱ्या प्रत्येकाला काढून दाखवतात. ज्याला वाचता येतं तो वाचतो, आबांच्या तोंडाकडं बघतो आणि घडी घालून परत देतो. अजून कुणी खरं सांगितलेलं नाही. वस्तीतल्या अडाण्यांना एवढं कळतं.

मला तुझा इतका राग आलाय की पत्र लिहिताना दोनदा कागद फाटला. उत्तर पाठवू नकोस.

नकोशी


बिरोबाची वस्ती
१९ जानेवारी १९९५

दादासो,

परवा चौकशीला तू आलास. तुझ्या लेखालाच तक्रार धरलं, म्हणून तक्रारदार होऊन जीपमधून आलास, साहेबांच्या शेजारी बसून. चार वर्षांनी वस्तीवर आलास तो असा. मी तुला हाक मारली नाही आणि तूही मारली नाहीस. तू जीपजवळ उभा होतास, बांधावर चढला नाहीस. बुटांना माती लागेल म्हणून की आबांच्या समोर यायला नको म्हणून, ते तुझं तुला ठाऊक. तिथून तुला ऐकू आलं नसणार, म्हणून बांधावर काय झालं ते लिहिते. तुला कळायलाच हवं.

मोठे साहेब भले माणूस होते. रामहरी खाली मान घालून उभे. साहेबांनी विचारलं, रोलर फिरला का? तेवढ्यात आबा काठी टेकत पुढं झाले. वर्दी द्यायला शिपाई येतो तसे. म्हणाले, "साहेब, रोलर न्हाय आला, पन काय आडलं न्हाय. माझी मेंढरं फिरली. हितनं चढवायचो आन् तितं वड्याकडं उतरवायचो." पटक्यातून तुझं कात्रण काढून साहेबांच्या हातात दिलं. "माझ्या पोरानं छापलंय. त्यो बगा, तितं उभा हाय."

साहेबांनी कात्रण वाचलं नाही. त्यांनी आधीच वाचलं होतं, त्याच्यासाठीच तर ते आले होते. घडी परत देऊन विचारलं, "बाबा, मधल्या काळ्या मातीवरनं किती फिरवलीत?"

आबांना प्रश्नच कळला नाही. "काळ्या मातीवरनं? न्हाय साहेब. ती वली असायची, टँकरनं पानी मारल्याली. वल्या मातीत मेंढरू घालत्यात व्हय? खुराच्या बेचक्यात चिखूल बसला की खूर सडतंय, मेंढरू लंगडं पडतंय, मंग कळपामागं न्हाय टिकत. मी कडंकडंनं, मुरमावरनंच न्यायचो. पंधरा दिस फिरवली, पन एकाबी मेंढराचा खूर खराब हू दिला न्हाय."

केवढ्या अभिमानानं सांगत होते. मला तेव्हाच कळलं, दादासो. मी मेंढपाळाची पोर, ओल्या रानात मेंढरू घालायचं नाही हे मलाही बोलायला लागायच्या आधी शिकवलेलं. पण बांधाच्या बाबतीत माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. कुणाच्याच आलं नाही. रामहरी साहेब मेंढरं बांधावर चढवून निघून गेले असणार. ती कुठून चालली हे पाहायला थांबले नसणार.

मोठे साहेब हळू म्हणाले, "बाबा, पाणी त्या काळ्या मातीनंच अडतं. ओली असतानाच दाबायची असते. मुरूम नुसता वरून झाकायला." आबांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "परत सांगा." साहेबांनी परत सांगितलं. आबा होते तिथं बांधावर खाली बसले. मी पाणी नेलं तर पेला हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत.

तुझी जीप गेली तेव्हा मी घरात भाकरी करून ठेवल्या होत्या. तुझ्यासाठी केल्या असं म्हणत नाही. पण होत्या.

संध्याकाळी आबांनी कात्रण काढून माझ्यापुढं टाकलं. "खरं वाच." मी म्हटलं, "वाचलंय की मागंच." म्हणाले, "नकोशे, खरं वाच." मग वाचलं. मथळ्यापासून तुझ्या नावापर्यंत. रोलरचं बिल, खुरांखाली दाबला गेला, सगळं. तोंड वर न करता ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "पोरगं खोटं न्हाय बोललं."

त्या दिवसापासून आबा बांधावर गेलेले नाहीत. दुपारी भाकरी खातात आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहतात.

म्हणजे तू बरोबर निघालास. पैसा खाल्ला गेला, काम वाईट झालं, बांध पोटातून पोकळ आहे, सगळं तुझ्या लेखाबरहुकूम. मी चुकीची निघाले. तू चुकीचा असतास तर मी तुला चार शिव्या घालून कधीतरी विसरले असते. तू बरोबर निघालास म्हणून मला तुझं तोंड बघवत नाही.

पण एक विचारते, अर्थशास्त्रात याचं उत्तर असेल तर. भोक आहे हे दाखवलंस, दोनदा दाखवलंस, हसून दाखवलंस. बुजवायचं कुणी? साहेब जाताना महिपतीला सांगून गेले की तक्रारदारानंच लेखी दिलं की चौकशी पुरी झाली, आता दुरुस्ती करावी, तर फाइल सुटेल. नाहीतर चौकशीचे कागद पुण्याला जातील आणि मार्च उलटेल. तक्रारदार तू आहेस. तुझ्या एका सहीवर सगळी वस्ती बसली आहे. मी हात जोडत नाही, माझे हात भाकरीच्या पिठात आहेत. सांगितलं एवढंच.

नकोशी


बिरोबाची वस्ती
१२ मार्च १९९५

दादासो,

काम उघडलं. नवे ओव्हरसियर आले आहेत, रामहरी घरी बसलेत. नव्यांनी मला फाइल उघडून दाखवली, म्हणाले तुमच्या भावाचा अर्ज आला म्हणून सुटली. चारच ओळी आहेत. एक विशेषण नाही, एक टोमणा नाही. तुझं आजवरचं सगळ्यात चांगलं लिखाण. हे कौतुक नव्हे, खरं ते सांगते.

आभार मानायला लिहीत नाही. जे आपण अडवलं ते आपण सोडलं, त्याचे आभार कसले.

तुला एक गंमत सांगते, तुझ्या वर्गात सांग. बांधाचं पोट उकरायचं आणि नवी काळी माती भरायची, याची मजुरी रोजगार हमीतून मिळते आहे. बाजारात परत जीव आला, दगडाबाईनं तुला नमस्कार सांगितलाय, खरा की खोटा मला माहीत नाही. पण माती दाबायचे पैसे नाहीत. का? तर दाबाईचं बिल दोन वर्षांपूर्वीच निघालं आहे, आणि एकाच कामाचे पैसे सरकार दोनदा देत नाही. ज्यानं खाल्लं त्यानं खाल्लं, आता माती दाबायची ती गावानं फुकट. शिवाय पोट उकरून झालेला चर इतका अरुंद की त्यात रोलर उतरतच नाही. म्हणजे या खेपेला तो खरंच येऊन उभा आहे, बांधाच्या खाली, नवाकोरा, आणि पोरं त्याच्यावर चढून बसतात. मला सांग, याला काय म्हणायचं, खर्च की गुंतवणूक?

मग महिपतीनं वस्ती गोळा केली आणि ठरवलं, घरटी एक माणूस. बिरोबाच्या देवळाचा ओटा केला तेव्हाची रीत. प्रत्येक घरानं एक माणूस द्यायचा, त्यानं अनवाणी चरात उतरून आपल्या वाटणीची ओली माती पायानं तुडवायची. थर झाला की वर दुसरा थर. महिपती घरं सांगत गेला, लोक हात वर करत गेले. आबांनी हात वर केला. माणसं म्हणाली, "आबा, तुमी नगा, वय झालं." आबा म्हणाले, "माझं घर हाय का न्हाय वस्तीत?" मग महिपतीनं आबांचं घर लिहून घेतलं. महिपतीनं शेवटचं घर सांगितलं आणि आबा परत उभे राहिले. म्हणाले, "एक ऱ्हायलं. दादासोचं घर."

कुणीतरी मागून म्हणालं, त्याचं घर बारामतीला आहे. आबा म्हणाले, "घर कुटंबी आसंल. त्यो ह्या वस्तीचा हाय. ल्हिव."

तर तुझं नाव आहे. रोज सकाळी महिपती बांधावर उभा राहून घरं पुकारतो. तुझं नाव आलं की आबा म्हणतात, "येतोय." मग स्वतःच्या वाटणीची माती तुडवतात आणि ती झाली की तुझ्या वाटणीला जातात. काठी टेकत, एकेक पाऊल, कळपामागं चालायचे त्याच चालीनं. तोंडानं मेंढरांना करतात तसा आवाजही करतात मधूनच, त्यांना कळत नाही. लोकांना हसू येत नाही त्याचं.

ज्या माणसानं एका मेंढराचा खूर चिखलाला लागू दिला नाही, त्याच्या पायाच्या बेचक्या सगळ्या चिरल्यात. मी रात्री हळद-तेल लावते. परवा मी म्हटलं बास झालं, आणि तुझ्या वाटणीत उतरले. आबांनी काठी आडवी धरली. "तू संभाजीच्या घरची. तुजं तू तुडीव. दादासोच्या घरचं दादासो तुडवंल." नवऱ्याचं नाव काढून मला बापानं चराबाहेर काढलं. मी तुझ्यासाठी पहिल्यांदा काहीतरी करायला गेले, तेही करू दिलं नाही.

मी महिपतीला म्हटलं की त्याचं नाव काढून टाक, तो यायचा नाही. महिपती म्हणतो, आबांनी घातलं, आबाच काढतील. आबांना म्हटलं तर ते ऐकूच न आल्यासारखं करतात.

म्हणून हे पत्र. नाव काढायचं असेल तर स्वतः येऊन आबांना तोंडावर सांग. कार्ड पाठवू नकोस, मी वाचून दाखवणार नाही. मी त्यांना एकदा तुझ्या लिहिलेल्याबद्दल खोटं सांगितलं, एकदा खरं वाचून दाखवलं, आता तिसऱ्यांदा काही वाचणार नाही.

अजून अर्धा बांध बाकी आहे आणि मार्च संपायला तीन आठवडेही उरलेले नाहीत. मला तुझा राग आहे तो आहेच, तू आलास म्हणून जाणार नाही. पहिली एसटी नाव पुकारायच्या आधी निमगावला पोचते. आणि आलास तर बूट घालून येऊ नकोस, काढून ठेवायला बांधावर कोरडी जागा नाही.

तुझी आक्का